पोटगीचा हुकूम आणि पगाराचे टेबल

पोटगी मंजूर झाली म्हणजे पोटगी सुरू झाली, असा समज निकालाच्या दिवशी जवळजवळ प्रत्येक स्त्रीचा असतो आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत तो पुरता मोडतो. हुकमाची प्रमाणित प्रत हाती असते, तीत दरमहा अमुक रक्कम अमुक तारखेच्या आत द्यावी असे स्वच्छ लिहिलेले असते, आणि तरीही पासबुकात काहीच उमटत नाही. मी अनेक वर्षे एका निमसरकारी संस्थेच्या लेखा विभागात पगारबिले तयार करण्याचे काम केले. न्यायालयाकडून येणारे पगार जप्तीचे आदेश माझ्याच टेबलावर येत, त्यामुळे त्यांचे पुढे काय होते, ते कुठे अडतात आणि कोण अडवते, हे मला जवळून पाहता आले. या विषयावर वकील मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. पगार काढणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिलेले मात्र माझ्या वाचनात फारसे आलेले नाही. नोकरदार माणसाकडून पोटगी वसूल करण्याचा सर्वांत कमी क्लेशाचा आणि सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्याच्या पगारातून परस्पर कपात. वर्षानुवर्षे थकबाकी साचल्यावर शेवटचा उपाय म्हणून तो वापरला जातो, तो पहिला हप्ता चुकताच वापरला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

थकबाकी केवळ नवऱ्याच्या हट्टामुळे साचते असे पुष्कळांना वाटते. हट्ट असतोच, पण व्यवस्थेचाही त्यात वाटा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यावी असे देशभरासाठी ठरवून दिले. ते योग्यच झाले, कारण अर्ज पडून राहिल्याची शिक्षा अर्जदार बाईला होता कामा नये. पण याचा हिशेब पगाराच्या टेबलावर कसा दिसतो ते पाहावे. दरमहा ८,००० रुपये मंजूर झाले आणि अर्ज निकाली निघायला तीन वर्षे लागली, तर हुकूम होतो त्या दिवशीच २,८८,००० रुपये थकलेले असतात. मधल्या काळात अंतरिम पोटगीचा आदेश झाला नसेल, किंवा झालेला पाळला गेला नसेल, तर चाळीस-पंचेचाळीस हजार पगाराच्या माणसाला ही रक्कम एकदम भरणे खरोखरच जमत नाही, आणि मग ‘इतके कुठून आणू’ या सबबीखाली तो चालू महिन्याचे आठ हजारही देत नाही. चालू हप्ता आणि मागची बाकी यांचे दोन वेगळे रकाने करून, चालू हप्ता पूर्ण आणि बाकी हप्त्याहप्त्याने, अशी मांडणी कुणी करून दिली तर यातली बरीच प्रकरणे सुटतात. ही मांडणी पगारबिलात सहज होते, न्यायालयाच्या आवारात सहसा होत नाही.

आवारात काय होते, तेही सांगितले पाहिजे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, हा गरीब आणि मध्यमवर्गीय स्त्रियांचा नेहमीचा रस्ता आहे. हुकूम पाळला गेला नाही तर तिने वसुलीचा अर्ज करायचा. त्यावर दंडाच्या रकमेची वसुली जशी होते तशी वसुली करण्याचे वॉरंट निघते. आणि त्यानंतरही रक्कम राहिली तर न देणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या थकीत रकमेसाठी एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर ते भरेपर्यंत, तुरुंगात ठेवता येते. कागदावर हे फार कडक दिसते. प्रत्यक्षात वॉरंट पोलीस ठाण्यात जाते, तिथे बंदोबस्त, निवडणूक, सण आणि गुन्हे यांच्या रांगेत ते मागे पडते, आणि पुढच्या तारखेला ‘सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही’ असा अहवाल येतो. तो इसम रोज सकाळी साडेनऊला कार्यालयात हजेरी लावत असतो, दर महिन्याला त्याचा पगार बँकेत जमा होत असतो, आणि न्यायालयाच्या लेखी मात्र तो सापडत नसतो. याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट मला या सगळ्या विषयात दुसरी दिसली नाही.

अटक झालीच तरी प्रश्न सुटत नाही. एक महिना आत राहून आलेला माणूस ‘मी शिक्षा भोगली, आता देणे संपले’ असे छातीठोकपणे सांगतो, आणि त्याच्या घरची मंडळीही तसेच समजतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे की हा तुरुंगवास पैसे भरायला लावण्याचा दबाव आहे. त्याने देणे फिटत नाही. पण त्या महिन्यात त्याचा पगार बुडतो, कधी नोकरीवर गदा येते, आणि ज्या पगारातून मुलाची फी निघायची तोच आटतो. कित्येक स्त्रिया अटकेच्या पायरीवर येऊन कचरतात. त्याला आत टाकून मला काय मिळणार, मला पैसे हवे आहेत, असे त्या सांगतात, आणि त्यांचे म्हणणे अगदी व्यवहाराला धरून असते. शिवाय याच कलमात एक अट आहे जी फार जणींना उशिरा कळते: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर तिच्यासाठी या पद्धतीने वॉरंट निघत नाही. हक्क त्यामुळे बुडत नाही, पण वसुलीचा हा सोपा रस्ता बंद होतो. ‘आज ना उद्या देईल’ म्हणून वाट पाहणाऱ्या बाईचे नुकसान इथे होते.

पगाराचा रस्ता यापेक्षा वेगळा आहे आणि त्याचे नियम अधिक स्पष्ट आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये कशावर जप्ती आणता येत नाही याची यादी आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश एवढा भाग सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. ४८,००० रुपये पगाराचे उदाहरण घेतले तर सावकाराच्या किंवा बँकेच्या हुकूमनाम्यात ३२,३३३ रुपये सुरक्षित राहून १५,६६७ रुपयांपर्यंत जप्ती आणता येते. बायकामुलांच्या पोटगीसाठी १६,००० रुपये सुरक्षित राहून ३२,००० रुपयांपर्यंत. आणता येते याचा अर्थ तेवढी आणलीच जाते असा नव्हे. हुकमातील हप्ता आणि बाकीचा ठरवून दिलेला भाग एवढेच कापायचे असते. पण कायद्याने मुलांचे पोट सावकाराच्या देण्यापेक्षा किती वर धरले आहे, ते या दोन आकड्यांतून दिसते. आणखी एक फरक आहे: साध्या कर्जासाठी एकूण २४ महिने जप्ती चालली की पुढचे १२ महिने सूट मिळते आणि त्याच हुकूमनाम्यासाठी ती सूट कायमची होते. पोटगीला ही सूट लागू नाही. एका कार्यालयात लेखापालाने २४ महिने मोजून कपात परस्पर बंद केली होती आणि त्या बाईला पुन्हा न्यायालयात जावे लागले, हे मला तिच्याच तोंडून कळले. नियम अर्धवट वाचला की त्याची किंमत दुसरे कुणीतरी मोजते.

आदेश कार्यालयात येतो तेव्हा काय घडते, याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळे तिथेच ठरते. टपालातून खाकी पाकीट येते, आवक क्रमांक पडतो, आस्थापना शाखेतून फिरत ते लेखा शाखेत येते. त्यात कर्मचाऱ्याचे नाव, दरखास्तीचा (वसुलीसाठी न्यायालयात केलेल्या अर्जाचा) क्रमांक, दरमहा कापायची रक्कम आणि ती कुठे भरायची ते लिहिलेले असते. पाकीट टेबलावर येण्याआधी बातमी आलेली असते. दुपारच्या चहानंतर तो कर्मचारी खुर्ची ओढून बसतो आणि हळू आवाजात म्हणतो, “मॅडम, या महिन्याचं बिल गेलंय असं कळवा ना. मी वकिलांना सांगून स्थगिती आणतो.” त्याच्या पाठोपाठ संघटनेचे पदाधिकारी येतात: घरातला वाद आहे, मिटेल, आपण कशाला मध्ये पडायचे. माणसे वाईट नसतात. रोज एकत्र डबा खाणारा सहकारी त्यांना दिसत असतो. ज्या मुलाच्या नावाने हुकूम आहे ते मूल त्यांना दिसत नसते. मी अशा वेळी आदेशाची प्रत त्याच्यासमोर ठेवून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधील नियम ४८ वाचायला देत असे. वेतन वितरित करणाऱ्या अधिकाऱ्याला सूचना मिळाल्यावर त्याने रक्कम रोखून न्यायालयाकडे पाठवलीच पाहिजे, आणि आदेश डावलून कर्मचाऱ्याला पैसे दिले तर तेवढ्या रकमेची जबाबदारी देणाऱ्या संस्थेवर येते, हे वाचल्यावर बोलणे संपत असे. स्थगिती आणायला त्याला कुणाचीच आडकाठी नव्हती. पण स्थगिती कागदावर येईपर्यंत कपात चालू, एवढेच मी सांगत असे.

दुसरा खेळ पगारपत्रकाच्या उजव्या बाजूला, कपातीच्या रकान्यांत चालतो. व्यवसाय कर, आयकर, भविष्य निर्वाह निधी, गटविमा यांच्या खाली पतसंस्थेचा हप्ता असतो. पोटगीचा अर्ज दाखल झाल्याची नोटीस मिळाली की काही जण लगोलग पतसंस्थेचे मोठे कर्ज काढतात. मग पंचेचाळीस हजारांचा पगार हातात पडताना चौदा हजारांचा दिसतो, तीच पगारचिठ्ठी न्यायालयात दाखल होते, आणि एवढ्यातून काय देणार असा बचाव उभा राहतो. न्यायालये याला आता फारशी भुलत नाहीत. सक्तीच्या वैधानिक कपाती वेगळ्या आणि स्वतःहून अंगावर घेतलेली कर्जे वेगळी, ही विभागणी जुनी आणि पक्की आहे. लेखा विभागात मात्र गोंधळ होतो, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिलेल्या संमतीवरून पतसंस्थेची कपात करणे हेही नियोक्त्याचे कर्तव्यच असते. अशा वेळी आधी कुणाचे? कलम ६० मध्ये पगार म्हणजे एकूण मासिक वेतन. त्यातून जप्तीयोग्य भाग काढायचा, पतसंस्थेचा हप्ता वजा जाऊन उरलेल्या चौदा हजारांतून नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर पोटगीचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग मानून, थकीत पोटगी बँका आणि इतर धनकोंच्या (ज्यांचे कर्ज फेडायचे त्यांच्या) आधी द्यावी लागेल असे म्हटले. माझ्या नोकरीच्या काळात एवढा स्पष्ट आधार हाताशी असता तर कितीतरी टिपण्या लिहिण्याचा आणि वरिष्ठांना पटवण्याचा वेळ वाचला असता.

बदली ही तिसरी पळवाट. कर्मचारी एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेला की त्याच्यासोबत अंतिम वेतन प्रमाणपत्र जाते. त्यात चालू वसुल्यांची नोंद करायची असते, आणि न्यायालयाच्या जप्तीची ओळ त्यात लिहिली गेली नाही तर नव्या कार्यालयाला काहीच कळत नाही. सेवार्थ (सरकारी कर्मचाऱ्यांच्या) किंवा शालार्थ (शाळांच्या) पगारप्रणालीत पगार ऑनलाइन निघू लागले तरी नोंद करणारा हात माणसाचाच आहे. एक ओळ राहिली, की एखाद्या घरात पुढचे सहा महिने पैसे येत नाहीत, आणि का येत नाहीत हे त्या घराला कुणी कळवतही नाही. कारकुनी कामाला कमी लेखणाऱ्यांनी ही ओळ लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

खासगी नोकरीत गुंता वाढतो. सरकारी, रेल्वे आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी वेतन देणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असो वा नसो, आदेश त्याला बांधतो. खासगी कर्मचाऱ्यांसाठीच्या नियम ४८अ मध्ये मात्र वेतन देणारा अधिकारी त्या न्यायालयाच्या स्थानिक हद्दीत असावा लागतो. बाई सांगलीत, हुकूम सांगलीचा, नवरा पुण्याच्या कंपनीत आणि पगार निघतो बंगळुरूहून, ही आज अगदी सामान्य परिस्थिती आहे, आणि तिथे हुकूमनामा दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करून घेण्याची वेळ येते. अशा प्रकरणात कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ जास्त उपयोगी ठरतो, असे माझे निरीक्षण आहे. त्याच्या कलम २० च्या पोटकलम ६ मध्ये दंडाधिकाऱ्याला थेट अधिकार दिला आहे: आर्थिक मदतीचा आदेश पाळला गेला नाही तर सामनेवाल्याच्या नियोक्त्याला, किंवा जो कुणी त्याचे पैसे देणे लागतो त्याला, पगाराचा वा देण्याचा ठरावीक भाग थेट पीडित स्त्रीला देण्याचा किंवा न्यायालयात भरण्याचा हुकूम करता येतो. शिवाय कलम २७ प्रमाणे या कायद्याखालील आदेश भारतभर अंमलात आणता येतो. वसुलीच्या तरतुदीत नियोक्त्याचा असा सरळ उल्लेख नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये नाही, आणि तो यावा असे मला फार वाटते. २०२३ मध्ये नवी संहिता लिहिली गेली, कलमांचे क्रमांक बदलले, पण वसुलीची ही तरतूद जवळपास जुन्याच शब्दांत पुढे आली. एवढी चांगली संधी हातची गेली.

सातारा, कोल्हापूर, सांगलीच्या गावांतून सैन्यात गेलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी वाट वेगळी आहे. लष्करी कायद्याखालील व्यक्तींच्या वेतनावर दिवाणी न्यायालयाची जप्ती येत नाही, आणि हे ऐकून बरीच घरे हताश होतात. पण लष्कर कायदा, १९५० मध्येच पत्नी आणि मुलांच्या निर्वाहासाठी वेतनातून कपात करण्याची तरतूद आहे आणि ती कपात सक्षम लष्करी अधिकाऱ्याच्या आदेशाने होते. त्यासाठी युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करायचा असतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यात मार्गदर्शन करते. निलंबित सरकारी कर्मचाऱ्याच्या निर्वाहभत्त्यावर जप्ती येत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांनाही सर्वसाधारणपणे संरक्षण आहे. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये पत्नीच्या पोटगीसाठी ते अडवता येते असे ठरवले, आणि बायको म्हणजे काही धनको नव्हे ही त्यामागची भूमिका मला अतिशय न्याय्य वाटते.

ज्याला पगारचिठ्ठीच नाही, त्याच्याबाबतीत हे सारे थिटे पडते. रिक्षाचालक, गवंडी, छोटा दुकानदार, शेतकरी यांच्यासाठी जंगम मालाची जप्ती किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली हेच मार्ग उरतात, आणि ते संथ आहेत. पण म्हणूनच जिथे पगारचिठ्ठी आहे तिथे तरी ढिलाई होऊ नये, असे मी म्हणते.

परदेशात ही गोष्ट किती पुढे गेली आहे ते अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना ठाऊक आहे. तिथे मुलांच्या निर्वाहाची रक्कम पगारातूनच कापली जाणे हा १९९४ पासून साधारण नियमच झाला, थकबाकी होण्याची वाट न पाहता. १९९६ च्या कायद्याने नव्याने नोकरीला लागलेल्या प्रत्येकाची माहिती नियोक्त्याने २० दिवसांच्या आत राज्याच्या नोंदवहीत देण्याची पद्धत आली, त्यामुळे नोकरी बदलली तरी कपातीचा आदेश नव्या कार्यालयापर्यंत मागोमाग पोहोचतो. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली तर पासपोर्ट नाकारला जातो. त्या व्यवस्थेतही गरीब बापांवर न झेपणारे आकडे लादले जातात अशी टीका आहे आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण कपात हा अपमान नसून नेहमीचा व्यवहार आहे, ही धारणा तिथे रुजली. आपल्याकडे पगार जप्तीचा आदेश आला की त्या माणसाची कार्यालयात बदनामी झाली असे समजतात, आणि त्याच भीतीपोटी पुष्कळ बायका तो अर्ज करायलाही धजत नाहीत. “त्यांची नोकरी गेली तर?” हा प्रश्न मला कित्येकींनी विचारला आहे. आयकर कापला जातो तेव्हा कुणाची बदनामी होत नाही. मुलाच्या दुधाचे आणि शाळेचे पैसे कापले गेल्याने ती का व्हावी?

नवऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नियमित पोटगी देणारे पुरुष असतात, आणि त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही. रोखीने, कधी मेहुण्याच्या हाती, कधी शाळेत परस्पर फी भरून दिलेले पैसे नंतर हिशेबात धरले जात नाहीत आणि न्यायालयात ‘काहीच दिले नाही’ असा दावा उभा राहतो, हेही मी पाहिले आहे. पगारातून कपात झाली की प्रत्येक महिन्याची नोंद पगारबिलात राहते, पावती न्यायालयात राहते, आणि दोन्ही बाजूंचे खोटे बोलणे संपते. नोकरी गेली, आजारपण आले, पगार कमी झाला तर रक्कम बदलून मागण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. ती वापरावी, पण हुकूम अंगावर असताना परस्पर देणे बंद करू नये. रक्कम ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त मानली होती. तो पक्का नियम नाही, मुले किती, बाईचे स्वतःचे उत्पन्न किती, यावर आकडा बदलतो. पण दोन्ही पक्षांना अंदाज बांधायला त्याचा उपयोग होतो.

आता ज्यांच्या हाती हुकूम आहे पण पैसे नाहीत, त्यांच्यासाठी. नोव्हेंबर २०२० च्या त्याच निकालाने दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे शपथपत्र दाखल करणे बंधनकारक केले आहे. समोरच्याच्या शपथपत्रात नियोक्त्याचे नाव, पद आणि मासिक वेतन आलेच पाहिजे. ते मोघम असेल तर वकिलांना तिथेच हरकत घ्यायला सांगावे, कारण पुढे पगार जप्तीच्या आदेशावर नेमका तोच पत्ता लिहायचा असतो. नुसते कंपनीचे नाव पुरत नाही. वेतन देणारा अधिकारी कोण, म्हणजे सरकारी कार्यालयात आहरण व संवितरण अधिकारी आणि खासगी ठिकाणी मनुष्यबळ किंवा लेखा विभागाचा प्रमुख, त्याच्या पदनामाने आदेश गेला तर तो टपालात हरवत नाही. कर्मचारी क्रमांक मिळाला तर फारच चांगले. एकाच नावाचे दोन कर्मचारी असल्याने आदेश परत गेल्याचे प्रकार घडतात. पहिल्या हुकमातच ‘अमुक तारखेपर्यंत रक्कम जमा न झाल्यास नियोक्त्याने ती वेतनातून कापावी’ असे वाक्य मिळवण्याची विनंती करून ठेवावी; ती मान्य झाली नाही तरी एक हप्ता चुकताच अर्ज करता येतो, बारा हप्ते चुकण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही. अर्जात चालू हप्ता आणि मागची बाकी वेगवेगळी दाखवावी आणि बाकीसाठी दरमहा किती कापायचे तो आकडा स्वतःहून सुचवावा. ८,००० चालू आणि ८,००० बाकी असे धरले तर वरच्या उदाहरणातली २,८८,००० रुपयांची थकबाकी तीन वर्षांत फिटते आणि ४८,००० पगाराच्या माणसाच्या हातात ३२,००० रुपये राहतात, हे न्यायाधीशांना एका नजरेत दिसते.

शेवटचा टप्पा पैसे हातात पडण्याचा. रक्कम न्यायालयात जमा होत असेल तर ती नाझरांकडून (न्यायालयाचा पैशांचा व्यवहार पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडून) काढून घेण्यासाठी प्रत्येक वेळी अर्ज, ओळख पटवणे, कधी वकिलांची सही, असे हेलपाटे होतात आणि कामावर जाणाऱ्या बाईचा एक दिवसाचा रोज त्यात बुडतो. म्हणून आदेशातच रक्कम थेट तिच्या बँक खात्यात जमा करावी असे लिहून मागावे, खात्याचा क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड अर्जाला जोडावा, आणि रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत सोबत द्यावी. लेखा विभागाला हेच सर्वांत सोपे जाते, कारण पगाराच्या दिवशी त्या खात्यावर एक नोंद जास्त करायची, एवढेच काम उरते.